गद्रे बाई पाणी मागतात

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळ. स्थळ: पनवेल, आमचाच फ्लॅट. हजर: गद्रे बाई, आम्ही पाच विद्यार्थिनी आणि माझे सासरे. गैरहजर: आमचे हे, न्हावा शेवाला ड्यूटी.

गद्रे बाई दर शनिवारी इंटिरियर डिझाइन शिकवायच्या. फळ्यापेक्षा त्यांचा भर लोकांच्या घरी जाण्यावर. कुठल्याही घरात शिरल्या की दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि पाणी मागायच्या. आम्हाला बजावलेलं असायचं, "भिंतींचे रंग नंतर बघा. पाणी कुठल्या वाटेनं येतंय ते बघा." तळोज्याच्या एका नव्या घरात यजमानीण जेवणाच्या टेबलाला वळसा घालताना अडखळली आणि पेला बाईंच्या साडीवर रिकामा झाला. जिन्यात पदर पिळत बाई म्हणाल्या, "घ्या, प्रमाण शिकलात. खोलीपेक्षा टेबल मोठं."

मी या वर्गाला गेले ती सासऱ्यांसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना नेऱ्याहून इकडे आणलं होतं. दिवसभर बसून असायचे, पाणीसुद्धा मागावं लागायचं. "सूनबाय, मना गावाला सोड. हितं मी पावना हाय," हे रोजचं. गावच्या घरी एकटे राहिले तर पुन्हा पडतील, ही माझी धास्ती. त्यांना घरात नीट वावरता यावं म्हणून बोलावलेला कॉन्ट्रॅक्टर तर थेट स्वयंपाकघराची भिंत पाडायला निघाला होता.

आमच्याकडे बाईंनी पाणी मागितलं ते सासऱ्यांकडे. मी उठले.

"तुम्ही बसा. घर यांचं आहे, मी यांच्याकडे मागितलंय."

"आनतो की," म्हणत सासरे काठी घेऊन उठले आणि टीपॉयपाशी थबकले. वाट अरुंद, धरायला काही नाही.

"हा टीपॉय कशाला?" बाईंनी विचारलं.

"शोभेला," मी म्हटलं.

"मग गॅलरीत शोभू दे."

टीपॉय गॅलरीत गेला. टीव्ही उतरवून त्याखालचं कमरेएवढं, लांब, जड कपाट आम्ही स्वयंपाकघराच्या दारापासून बाईंच्या खुर्चीपर्यंत भिंतीलगत लावलं. त्यावर हात टेकत सासरे आत गेले. परत येताना एका हातात काठी. दुसऱ्या हातानं पेला कपाटावर ठेवायचा, पुढे सरकवायचा, एक पाऊल टाकायचं. कुणी मदतीला उठली की बाई डोळ्यांनीच दटावायच्या.

बाईंनी पेला संपवला. सासऱ्यांनी विचारलं, "माठातला हाय. अजून देऊ?"

भिंत पाडायचं काम त्याच दिवशी रद्द केलं. नेऱ्याला सोड, हेही मग कधी ऐकू आलं नाही. आता कुरियरवाल्यालासुद्धा सासरे पाणी पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

बाईंनी पुढे वर्ग बंद केला. त्यांचं स्वतःचं घर बघायचा हट्ट आम्ही खूप केला होता. त्या म्हणायच्या, "माझ्याकडे पाणी मागाल तर तहानेनं मराल. पॅसेजभर लाद्यांचे नमुने पडलेत. आवरले की बोलावते." अजून आवरलेले दिसत नाहीत. सासरे मात्र दर शनिवारी विचारतात, "त्या बायकडं पानी प्याला कवा जायचा?"

बघायच्या घरांच्या माझ्या यादीत तेवढीच एक भेट बाकी आहे.