गळती: निरंक

मोरव्याच्या पंढरीनाथांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, तरी मीरा रोडच्या छातीच्या डॉक्टर स्वातीबाईंनी त्यांचा एक्स-रे उजेडाकडे धरून तीनदा विचारलं, "काका, किती वर्षं ओढताय?" चौथ्यांदा त्यांनी प्रश्न बदलला. "मग कामावर छातीत काय गेलं? ते कळल्याशिवाय मी औषध कशावर देऊ?" पंढरीनाथांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, अनसूयाबाईंकडे पाहिलं आणि सवयीने सांगितलं, "ब्लँकेटं."

हे उत्तर बत्तीस वर्षं जुनं होतं. बापाचं मिठागर गेल्यावर पंढरीनाथांना परराज्यात लष्कराच्या एका डेपोत भांडारपालाची नोकरी लागली आणि बिऱ्हाडही तिकडेच हललं. पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली गेली, आणि घरी काय सांगायचं तेही साहेबांनीच ठरवून दिलं: ब्लँकेटं मोजतो. प्रत्यक्षात सात नंबरच्या शेडमध्ये मस्टर्ड वायूचे तोफगोळे होते. वायू नुसता म्हणायला. आत तेलकट द्रव. अंगाला लागला तर लगेच काही कळत नाही, संध्याकाळी फोड येतात, आणि त्याची वाफ छातीत गेली की मुक्कामालाच राहते. सरकारच्या लेखी हे गोळे आधी नव्हतेच. मग जगाशी करार झाला तेव्हा ते होते असं निघालं, आणि निघाल्याबरोबर ते नष्ट करायचं ठरलं. नसलेल्या मालाची राखण करून झाल्यावर पंढरीनाथ असलेला माल नाहीसा करायच्या कामाला लागले. हुद्दा तोच राहिला.

रोज सकाळी रांगांमधून फिरून एकेका गोळ्याला ओल सुटलीय का ते पाहायचं आणि वहीतल्या 'गळती' या रकान्यात लिहायचं. ओल नसली तर 'निरंक'. पण रबरी हातमोजे इतके जाड, की त्यात पेन धरवत नसे, आणि बाहेर येऊन ते उतरवून सगळं धुऊन होईपर्यंत साहेबांकडे वही पोचवायची वेळ टळून जाई. म्हणून सात नंबरची पद्धतच पडली होती: आधी 'निरंक' लिहायचं, मग बघायला जायचं. पंढरीनाथांचं अक्षर इतकं सुरेख, की त्यांच्या निरंकाचं साहेबांनी दोनदा कौतुक केलं होतं.

गोळे जाळायची भट्टी पाहायला परदेशी पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या सकाळी तिसऱ्या रांगेतला एक गोळा पाझरताना दिसला. पंढरीनाथांनी तो हाताने चाचपला. मोजा मनगटापाशी फाटलेला होता, आणि मास्कची जाळी कधी बदलली होती ते कोणालाच आठवत नव्हतं. ते तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे वही उघडली.

"इसमें तो निरंक लिखा है. राइटिंग तुम्हारी है ना?"

"हाँ साब, लेकिन वो पहले से..."

"रजिस्टर में काट-छाँट नहीं चलती, पंढरीनाथ. कल मेहमान आ रहे हैं."

दुसऱ्या दिवशी तोच गोळा सर्वांत आधी रिकामा होऊन भट्टीत गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. समारंभाच्या अहवालात 'अपघात' या रकान्यात काय लिहिलं गेलं ते सांगायला नको. पंढरीनाथांच्या मनगटावर मात्र लिंबाएवढे फोड उठले होते. घरी त्यांनी चहा सांडल्याचं सांगितलं.

आता श्वास पुरेना, तेव्हा त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मागणं एवढंच, की अमुक दिवशी सात नंबरमध्ये गळती झाली होती असं कोणीतरी लिहून द्यावं, म्हणजे डॉक्टरीणबाईंना दाखवता येईल. तीन महिन्यांनी उत्तर आलं. या डेपोत सात नंबरची शेड कधीही नव्हती, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. खाली लिहिलं होतं, की सदर शेडच्या नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे. प्रतीवर पंढरीनाथांचं सुरेख अक्षर होतं. गळती: निरंक.

अनसूयाबाईंनी चष्मा लावून तो कागद वाचला. मग तारखेवर बोट ठेवलं.

"या दिशी आपल्या पोरीचा, भाविकाचा वाढदिवस व्हता. तुमचा हात सुजलेला. चहानं असा फोड येत न्हाय, मना तवाच ठाव व्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमी सांगितलं असतं?"

पंढरीनाथांना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं आपण हिला फसवतोय या समजुतीत ते होते, आणि ती त्यांना फसू देत होती.

स्वातीबाईंनी दिलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी भरून न्यायचा होता. पंढरीनाथ नाव, वय, पत्ता लिहीत खाली आले. 'कामाच्या ठिकाणी विषारी पदार्थांशी संपर्क' असा रकाना होता. तो पुरता वाचून व्हायच्या आत त्यांच्या हाताने लिहूनही टाकलं होतं: निरंक.

अनसूयाबाईंनी पेन काढून घेतलं आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारली. मग आणखी एक मारली.

"अगं, खाडाखोड चालत नाही."

"इथं चालते. सांगा, मी लिवते."

"सही केलीय मी. कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"शेड नव्हतीच ना? मंग सही कशाची?"

पंढरीनाथांनी फॉर्म बायकोपुढे सरकवला. मग खोकत, थांबत, एकेक शब्द सांगू लागले. अनसूयाबाई सातवी शिकलेल्या, अक्षर वाकडंतिकडं. रकाना दुसऱ्याच ओळीला भरला, तेव्हा त्यांनी कागद आडवा केला आणि समासात लिहू लागल्या.