बाळूदाचा तो गोल

आमच्या घरात मला ज्याचा राग येत नाही असा एकच माणूस होता, आणि तो फोटोत होता. बाळूदा म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा जुना, डावखुरा लेफ्ट विंगर. बाकी सगळ्यांचा मला राग येतो. बॉलपेक्षा केसांना जास्त हात लावणाऱ्या हल्लीच्या खेळाडूंचा, परदेशी संघाची जर्सी घालून आपल्या पेठेच्या मॅचला दांडी मारणाऱ्यांचा, आणि गेल्या वर्षी तर पोटच्या मुलीचा. अस्मितानं लग्नासाठी मुलगा निवडला तो नेमका पलीकडच्या, फुटबॉलमधल्या आमच्या हाडवैरी पेठेतला! (कोल्हापुरात बाकीच्या पेठा काय ओस पडल्या होत्या?)

"फायनल हरलो तरी चालंल," मी ओरडलो, "पर त्या पेठेत पोरगी देणार न्हाई."

"फायनल तुम्ही दरवर्षीच हरताय," बायको म्हणाली. "रविवारी पावणं येणार हाईत. फुटबॉलचं नाव काढायचं न्हाई." आणि तिनं बाळूदाचा फोटोच भिंतीवरून उतरवला.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील श्रीपतराव शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त झालेले. सहा फूट उंच, बोलणं मोजकं. मीही दात आवळून गप्प होतो. पोहे झाले, लग्न कुठं करायचं तेही ठरत आलं. तेवढ्यात श्रीपतराव भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघून म्हणाले, "हितं काय होतं, पावणं?"

बायकोनं डोळे वटारले. पण आता विचारलंच आहे म्हटल्यावर मी काय करणार?

"बाळूदा होता," म्हणालो, आणि सुटलोच. चौतीस वर्षांपूर्वीची फायनल, शेवटचं मिनिट, बरोबरी. बाळूदा डावीकडून घुसला, आणि तुमच्या पेठेचा गोलकीपर हात खाली सोडून उभा. बसची वाट बघत असल्यागत! "तवापासनं आम्ही त्याला 'फाटक' म्हणतोय. कवाबी जावा, उघडंच. नाव मीच ठेवलंय. खरं नाव आमच्यात कुणालाच ठावं न्हाई."

कुणी हसलं नाही. मुलानं डोळे मिटून घेतले.

"फाटक म्हंजे मीच," श्रीपतराव म्हणाले आणि कप खाली ठेवला. "भाजी आणाय गेलो तरी लोक फाटक म्हणत्यात. अहो, ऑफसाइडची शिट्टी वाजली म्हणून मी थांबलो. रेफ्री म्हणाला, मी वाजवलीच न्हाई. माझ्या मागनं, पब्लिकातनं वाजली ती. कुणी वाजवली, आजवर कळलं न्हाई. घरच्यांनीबी कधी खरं मानलं न्हाई."

त्या दिवशी त्यांच्या गोलमागे मीच उभा होतो. शिट्टी घेऊन! बाळूदाचा बॉल जाळ्यात गेला की वाजवायची, हा माझा नेम. त्या दिवशी हुरूप जरा जास्त होता, बॉल जाळ्यात जायच्या आधीच वाजवली. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं?

बायकोला. ती उठली, देव्हाऱ्यातून माझी पितळी शिट्टी आणून टीपॉयवर ठेवली आणि म्हणाली, "चौतीस वर्षं पूजा करत्यात हिची. बाळूदाच्या त्या गोलाला हीच वाजवली म्हणून."

आता अस्मिता माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडलेला होता, आणि तो मला बघवेना.

"मीच वाजवली," मी म्हणालो. "चुकलं." (हा शब्द माझ्या तोंडून बायकोनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला.)

श्रीपतरावांनी शिट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "लग्न करूया. पर मांडवात दोन्ही पेठांम्होरं तुम्ही ही वाजवायची, आन् कशी वाजवली ते सांगायचं."

मी वाजवली. सांगितलं. आमची निम्मी पेठ जेवायला न थांबता निघून गेली. श्रीपतराव मात्र त्या दिवशी पोटभर जेवले, आणि आता त्यांना कुणी फाटक म्हणत नाही. मला म्हणतात.

बाळूदाचा फोटो बायकोनं पुन्हा लावलाय, पण हल्ली त्याच्याकडे बघितलं तरी माझं डोकं फिरतं. गोल मी केला, आणि चौतीस वर्षं भिंतीवर हार घालून घेतोय हा!