बंद खोलीतल्या वन्सं

तिसरा पूल मागे पडला तरी वन्संनी तोंड उघडलं नव्हतं. कालव्याच्या कडेचा रस्ता, रविवारची सकाळ. डॉक्टरांनी वहिनीला गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं होतं आणि नणंदेने ती जबाबदारी अशी काही उचलली होती की गुडघे दुखले तरी वहिनी सांगायला घाबरे. आज मात्र वन्संच मागे रेंगाळत होत्या.

"वन्सं, माझे गुडघे आज तुम्ही घेऊन आलात की काय?"

वन्सं हसल्या नाहीत. तेव्हाच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

लग्न न करता भावाच्या घरी राहिलेली ही नणंद वहिनीपेक्षा चार वर्षांनी लहान, पण घरात दरारा तिचाच. गॅस बंद आहे का हे दोनदा बघायचं, दाराची कडी तीनदा. टपालाने आलेलं पाकीट उलटसुलट करून, कानाशी हलवून मगच उघडायचं. "आमच्या बाईसाहेबांना पोलिसांत घ्यायला हवं होतं, चुकून कॉम्प्युटरवाल्यांनी नेलं," असं भाऊ चिडवायचा.

नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. पाच-सहा हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर सांभाळणारं ऑफिस. कुठे संशयास्पद फाइल सापडली की ती इथे यायची आणि तपासणीसाठी बंद खोलीत नेऊन सोडायचं काम अकरा वर्षं वन्संचं. त्या खोलीतल्या मशीनला बाहेरच्या जगाची एकही वायर नाही. तिथे फाइल मुद्दाम उघडायची आणि ती काय उपद्व्याप करते ते बघत बसायचं. नेताना वाटेत चुकून कुणी उघडू नये म्हणून आधी तिला पासवर्डच्या कुलपात घालायचं, वर नावाला एक शेपूट जोडायचं, म्हणजे कुणी टिचकी मारली तरी मशीनला ती ओळखूच येत नाही. मग लाल पेन ड्राइव्हवर घालून आत. आणि लाल ड्राइव्ह एकदा आत गेला की बाहेर यायचा नाही. तो तिथल्याच पत्र्याच्या डब्यात पडायचा, महिनाअखेर त्याचा चुरा व्हायचा. वन्संनी हे घरी इतक्यांदा सांगितलं होतं की वहिनीला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

कालव्याकाठच्या बाकाशी येऊन वन्सं थांबल्या.

"टपालमास्तरांची उद्या चौकशी आहे."

टपालमास्तर म्हणजे ऑफिसात येणारा प्रत्येक मेल आधी वाचणारे वयस्क गृहस्थ. निवृत्तीला आठ महिने उरलेले. गेल्या मंगळवारी ऑफिसातूनच एका हॉस्पिटलात व्हायरस गेला होता. दीड दिवस तिथली नोंदणी बंद, लांबून आलेले पेशंट दारातून परत फिरले. मास्तरांनी चार वर्षांपूर्वी एकदा नको तो मेल उघडला होता, त्यामुळे यंदाही सगळ्यांची बोटं त्यांच्याकडेच.

"मग उघडला असेल त्यांनी," वहिनी म्हणाली.

"नाही उघडला. तो लाल ड्राइव्ह होता. बाहेर आला."

"आला म्हणजे? त्याला काय पाय फुटले?"

वन्सं बाकावर बसल्या. "नवे ड्राइव्ह संपले होते. हॉस्पिटलवाल्यांचा फोनवर फोन, आज पाठवलेली तिसरी फाइल तपासून लगेच सांगा. मी डब्यातलाच एक उचलला. तिथल्या तिथे पुसून काढला आणि ती फाइल घ्यायला हॉस्पिटलांशी जोडलेल्या बाहेरच्या मशीनला लावला."

"पुसलात ना मग?"

"ज्या मशीनवर घाण सोडली होती, त्याच्यावरच पुसला गं. गढूळ पाण्यात फडकं धुवावं तसं. मी पुसतेय तोवर ती परत चिकटत होती."

वहिनी शेजारी टेकली.

"मास्तरांना माहीत आहे?"

"परवा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, बाई, तुम्ही जाणत्या. मी उघडला असेल का हो? मला आठवत नाही, पण हल्ली सकाळची गोळी घेतली का तेही आठवत नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू या म्हटलं. त्या माणसाला आता स्वतःचाच भरवसा वाटेना, आणि मी म्हणते बघू या! सांगितलं तर मला त्या खोलीत परत पाऊल टाकू देणार नाहीत, वहिनी. मला दुसरं येतं काय?"

क्षणभर वहिनीच्या मनात आलंच, की मास्तर तर आज ना उद्या घरी बसणारच आहेत, वन्संना अजून अठरा वर्षं काढायची आहेत. मग त्या विचाराची तिची तिलाच लाज वाटली. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मागितलं काहीच नाही. काय मागावं हेच कळेना.

वन्संनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. "पहाटे उठून लिहिलंय."

वहिनीने वाचला. ‘ड्राइव्ह बाहेर आणला गेला. आवश्यक ती काळजी घेतली गेली नाही. त्यामुळे प्रसार झाला.’

"यात तुम्ही कुठे आहात?"

"खाली सही आहे की."

"सही काय, कुरिअरवाल्याच्या वहीतही करतो आपण. वन्सं, हे वाचून मला वाटलं ड्राइव्ह आपणहून फिरायला निघाला होता."

या वेळी वन्सं हसल्या, पण ते हसू ओठांतच मोडलं. त्यांनी कागद परत घेतला.

"हा तिसरा कागद आहे. दर वेळी लिहायला बसते आणि त्यातून मीच निसटते." त्यांनी वहिनीचा हात धरला. "घरातली सगळी पत्रं तू लिहितेस ना? हेही तूच लिही. तुझ्या साध्या भाषेत. मी केलं, मास्तरांनी नाही, एवढंच. आणि माझी सही होईपर्यंत समोरून उठू नकोस."