अँसेल कादोर इथे राहत नाही

आमच्या गुयाव्ह गावात माणसाला पूर्ण नावाने विचारतं कोण? पोलीस, कोर्टाचा बेलिफ, नाहीतर रेडिओवर मयताच्या बातम्या देणारा. बाकी सगळा कारभार टोपणनावावर. शेजारच्या इव्हेटचा धाकटा जन्मला तेव्हा एवढासा होता, म्हणून तो टिटिरी. टिटिरी म्हणजे आमच्याकडची बोटाएवढी मासळी. आता मेला चौकटीला डोकं आपटतो, तरी टिटिरीच. पण फुटबॉलला अख्ख्या ग्रेनाडात त्याच्यासारखा डावा पाय कुणाचा नाही, आणि मी काही उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही.

त्या शनिवारी मी मासे साफ करत बसले होते. फुल पँटमधला एक गोरा माणूस घामाने निथळत आला.

"अँसेल कादोर कुठे राहतो?"

"कादोर इथे ढीगभर आहेत. त्या निळ्या घरातल्या बाईला विचारा," मी म्हटलं. मला बेलिफच वाटला, आणि बेलिफाला वाटेला लावण्यात इव्हेटचा हात धरणारं कुणी नाही. थोड्या वेळाने तो तोंड पाडून खाली आला आणि टॅक्सीत बसून गेला.

दुपारी टिटिरी मैदानावरून धावत आला. "मावशी, फिनलंडच्या क्लबचा माणूस मला शोधत आला होता! कोचच्या फोनवर निरोप ठेवलाय त्याने. त्याला कुणीतरी सांगितलं, मी इथे राहतच नाही, कायमचा त्रिनिदादला गेलो. आता उलट फोन केला तर लागत नाही. संध्याकाळच्या विमानाने तो सेंट व्हिन्सेंटला चाललाय, तिथल्या मुलाला बघायला!"

आमच्यासारख्या टिचभर बेटावर कोण येतं हो खेळाडू बघायला? आमचे सामने बाहेर कुठे दिसत नाहीत. देशाचं नाव सांगितलं की लोक नकाशा शोधतात. हा पहिलाच आला होता, आणि पोराला न बघता चालला होता.

मी बस चालवणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "रोलिन, बस काढ, विमानतळावर!" टिटिरी पासपोर्ट आणायला घरी पळाला. इव्हेटच पासपोर्ट छातीशी धरून बाहेर आली आणि मागच्या सीटवर बसली.

रोलिनने समुद्राकाठची वळणं अशी घेतली की माझा जीव मुठीत. राजधानीत, सेंट जॉर्जेसला, पर्यटकांचं जहाज लागलेलं, गाड्या जागच्या हलेनात. टिटिरी नखं खात होता.

"कुणी सांगितलं असेल गं त्याला, मावशी?"

"ज्याने सांगितलं त्याची जीभ झडो!" मी वेड पांघरून म्हटलं; त्याला निळ्या घराकडे मीच पाठवला होता. इव्हेट खिडकीबाहेर बघत होती.

विमानतळावर तो माणूस रांगेत सापडला. टिटिरी धावत त्याच्यासमोर उभा राहिला. "मीच अँसेल कादोर!" माणसाने त्याच्याकडे पाहिलं, मग मागून येणाऱ्या इव्हेटकडे.

"पण याच बाईंनी तर सांगितलं, तू तिथे राहत नाहीस म्हणून. मी क्लबचं कार्ड दाखवलं, तुझा फोटो दाखवला."

"इव्हेट, तुला बेलिफ वाटला ना? सांग ना गं बाई!" मी चक्क तिच्या तोंडात उत्तर घातलं. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मला सगळं कळलं होतं. मर्विनची बॅग मीच भरली होती."

मर्विन तिचा थोरला. तोही असाच परदेशी खेळायला गेला. एजंटाने वाऱ्यावर सोडलं, क्लब बंद पडला. आता कुठल्याशा थंड गावात हॉटेलात भांडी घासतो, आणि लाजेपायी घरी येत नाही.

त्या माणसाने घड्याळ पाहिलं. "गुरुवारी आमच्या क्लबात चाचणी आहे. तिकीट आम्ही काढू. जमलं नाही तर आठवड्यात घरी पाठवू. येतोस?"

"येतो," टिटिरी म्हणाला, आणि आईकडे वळला. इव्हेटने पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

"आई, मी नापास होऊन परत यावं, असं वाटतं ना तुला?"

"हो," इव्हेट म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "वाटतं रे. तरी जीव तोडून खेळ."