जनकाबाईच्या पदराच्या आठ गाठी

डोणगावची जनकाबाई कासारीण बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली, की गावातल्या बायांचे निरोप तिच्या पदराला बांधलेले असायचे. मधली खेडी करत जानेफळपर्यंत जायचं आणि परत यायचं, आठवड्याची एक फेरी. एक निरोप, एक गाठ. जिच्यासाठी निरोप, तिनं तो ऐकायचा आणि आपल्या हातानं गाठ सोडायची. जनकाबाई स्वतः कधी सोडायची नाही.

गाठी आठच. आधी असं नव्हतं. महाराष्ट्र झाला त्या वर्षी, बाजाराच्या दिवशी तिनं तोंडी तेवीस निरोप घेतले आणि मंजुळाबाईच्या दारात जाऊन म्हणाली, "साखर वाट व माय, तुह्या लेकीले पोरगा झाला!"

"लग्नाले महिना नाही झाला तिच्या! कोणाचं पोरगं माह्या दारात आणलं व?"

त्या फेरीत किती निरोप कुठं सांडले, तिचं तिलाही कळलं नाही. तेव्हापासून नववी बाई आली की ती हात जोडायची. "एखादी सुटू दे, मग ये."

पण एक गाठ सुटेना. ती रुखमाबाईची. सासरा-जावई भांडले आणि लेक सिंधू जानेफळला गेली ती दोन वर्षं फिरकली नाही. रुखमाबाईनं निरोप दिला होता, "बापाचा राग गेला म्हणावं. आता ये." जनकाबाई पोचली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "खामगावले गेले ते, कापसाच्या जिनात कामाले." खामगाव काही जनकाबाईच्या वाटेवर नव्हतं.

दर फेरीनंतर रुखमाबाई ओट्यावरून हाक मारायची, "सुटली काय व?"

"नाही माय. कुलूपच हाय."

"तू सोडू नको हां."

"मी कायले सोडू!"

असे सहा महिने गेले. एके सकाळी जनकाबाई रुखमाबाईला बांगड्या भरत होती, तेवढ्यात शेजारची सून अन्नपूर्णा धापा टाकत आली. "मावशी, जानेफळले माह्या मायले सांगा, सातवा लागला, न्यायले या."

जनकाबाईनं पदर चाचपला. "आठ भरल्या व पोरी. पुढच्या फेरीले."

"एक जास्त घ्या ना!"

"अन् तुह्या मायले दुसरीचंच सांगितलं त?"

अन्नपूर्णेचे डोळे भरले. रुखमाबाईनं बांगड्या अर्धवट भरलेला हात मागं घेतला.

"जनका, पदर इकडं आण."

"सोडून राह्यली काय?"

"सोडत नाही. माह्याकडं घेते." तिनं गाठ उकलली. पुटपुटली, "बापाचा राग गेला, आता ये," आणि लगेच स्वतःच्या पदराला गाठ मारली. "बांध पोरीची."

पुढच्या आठवड्यात जनकाबाई परतली. मागोमाग अन्नपूर्णेच्या माहेरची बैलगाडी आली, पोरगी हसत गाडीत चढली. रुखमाबाई ओट्यावरच होती. तिनं काही विचारलं नाही. जनकाबाईला ते न विचारणंच सोसवेना, ती पाय उचलून चालू लागली.

"जनका!" मागून हाक आली. "खामगावले यष्टी किती वाजता व?"

"सकाळी एक हाय म्हणतात. पण तिचं घर तुले कुठं माहीत हाय?"

"जिनं किती असतीन? एकेकाच्या फाटकाशी उभी राहीन."

"अन् घरचे?"

"राग त त्यायचा गेलाच हाय," रुखमाबाई म्हणाली. "आता पोरीले पटलं पाह्यजे."