पाळकांच्या तोंडी लिलाववाल्याची कवळी

कवळीवाला देवाशी जेवढं बोलायचा, त्याच्या निम्मं जरी बायकोशी बोलला असता तरी घरात शांतता नांदली असती. किल्ली हरवली की प्रार्थना. दूध उतू जाऊ नये म्हणून प्रार्थना. शर्टाचं बटण तुटलं तर प्रार्थना.

‘‘अहो, देवाला दुसरी कामं असतात,’’ बायको म्हणायची. ‘‘सारखं काय त्याच्या दारात?’’

‘‘बापाच्या घरी जायला आमंत्रण लागतं का गं?’’ असं म्हणून तो पुन्हा डोळे मिटायचा. तेवढ्यात बटण बायकोला पलंगाखाली सापडायचं आणि आभार मात्र वर जायचे.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, आणि कवळीची वाट बघणारी बिनदातांची माणसं त्याच्याशीच गप्पा मारत बसत. हा त्यात प्लास्टर ओतून जबडे उभे करी, गुलाबी मेणावर एकेक दात बसवी आणि कवळी पक्की झाली की फिरत्या चाकावर घासून चकचकीत करी. फळ्यांवर नंबर घातलेले पांढरे जबडे ओळीने बसलेले असत, लग्नाच्या फोटोतल्या सासरच्या मंडळींसारखे. तयार कवळी डबीत घालण्याआधी ती हातात धरून तो त्या तोंडासाठी मागणं मागे. यातून कुणाला शिवी न जावो, घास नीट चावला जावो आणि शिंकताना कवळी बाहेर न पडो. तिसरं मागणं अनुभवातून आलेलं होतं.

एके दिवशी दोन कवळ्या एकदमच तयार झाल्या. एक चर्चच्या पाळकांची. माणूस लाखात एक, पण उपदेश असा की दुसऱ्या वाक्याला पुढची रांग पेंगायची आणि मागची आधीच झोपलेली असायची. दुसरी कवळी लिलाववाल्याची. हा जुनं फर्निचर विकायचा. त्याची जीभ अशी चाले की तीन पायांचं टेबल घेऊन माणूस हसत घरी जाई आणि चौथ्या पायाची आठवण त्याला जेवताना होई.

कवळीवाल्याने दोन हातांत दोन कवळ्या धरल्या आणि डोळे मिटले. पाळकांसाठी जोर मागितला, लिलाववाल्यासाठी सचोटी. प्रार्थना रंगात आली आणि नेमकं नाक खाजलं. डोळे उघडणं बरं दिसेना. त्याने कवळ्या चाचपत टेबलावर ठेवल्या, नाक खाजवलं, चाचपतच पुन्हा उचलल्या आणि आमेन म्हणून डब्यांत घातल्या.

आता त्या दोन तोंडांत बसल्या कशा, ते डॉक्टरीणबाईंना विचारा. त्यांनी थोडं इकडे घासलं, थोडं तिकडे दाबलं आणि बसल्या.

त्या रविवारी पाळक उपदेशाला उभे राहिले आणि सगळी मंडळी ताठ बसली. ‘‘क्षमा मिळतेय, क्षमा! कोण पुढे येतं? त्या खांबाजवळच्या बाई? एकवार... दोनवार... अहो, असं काय करता, इतकी क्षमा दुसरीकडे कुठे मिळणार आहे?’’ खांबाजवळच्या बाई धावत पुढे आल्या. त्यांच्या मागोमाग नऊजण. पुढच्या रविवारी बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. पाळक गहिवरून सगळ्यांना सांगत होते, ‘‘वीस वर्षं मागत होतो, शेवटी देवाने माझी जीभ मोकळी केली!’’

कवळीवाल्याला आपलं खाजलेलं नाक आठवलं. त्याने लिलावाच्या हॉलमध्ये डोकावून पाहिलं. लिलाववाला एका कपाटावर हात ठेवून संथ सुरात सांगत होता, ‘‘प्रियजनहो, याला वाळवी लागली आहे. मी रंग लावून झाकली होती. घेऊ नका.’’ हॉलभर लोक पेंगत होते.

खोलीवर येऊन त्याने लिलाववाल्याच्या तोंडात दिसलेले दात फळीवरच्या जबड्यांशी मनात ताडून पाहिले: ते पाळकांचे होते, चाचपताना कवळ्यांची अदलाबदल झाली होती.

सांगावं, तर पाळकांचा आनंद मातीत. न सांगावं, तर प्रार्थनाच होईना. डोळे मिटले की दोन जबडे समोर येत. तीन आठवडे त्याने तोंडातून एक मागणं काढलं नाही. किल्ली हरवली तर नुसतीच शोधली. तेव्हा मात्र बायको घाबरली.

‘‘काय करून बसलात?’’

त्याने सगळं सांगितलं. ‘‘पण मी ते देवावर सोपवलंय,’’ तो म्हणाला.

‘‘सोपवलंय म्हणे! आपली चूक त्याच्या दारात ठेवायची आणि बेल वाजवून पळायचं, याला सोपवणं म्हणतात? एवढा विश्वास आहे ना, मग जा आणि पाळकांना सांगा. पुढचं तो बघेल.’’

रविवारी उपासनेआधी, चर्चच्या बाजूच्या खोलीत त्याने पाळकांना गाठलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

‘‘म्हणजे बंधू, ती जीभ माझी नव्हती?’’

‘‘जीभ तुमचीच होती, पाळकसाहेब. दात तेवढे...’’

पाळकांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि तसेच बाहेर जाऊन उपदेशाला उभे राहिले. मंडळी आशेने पुढे सरकली. पाळकांनी तोंड उघडलं. नुसता फुसफुस वारा.

आता चाळीस वर्षं बिनदातांच्या माणसांशी बोलण्यात घालवलेला माणूस तिथे एकच होता. पाळकांनी त्याला बोटाने शेजारी बोलावलं. कवळीवाला घाम पुसत वाक्यामागून वाक्य सांगू लागला. ‘‘पाळक म्हणतात, इतके रविवार मी देवाचं नाव घेऊन स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.’’ फुसफुस. ‘‘म्हणतात, ती कवळी लिलाववाल्याची होती.’’ फुसफुस. ‘‘म्हणतात, चूक कवळीवाल्याची... म्हणजे माझी.’’

पाळक आणखी काहीतरी बोलले. अगदी थोडंच. कवळीवाल्याची दातखीळ बसली.

‘‘काय म्हणाले?’’ मागून कुणीतरी ओरडलं.

‘‘अहो, सांगा की!’’ तिसऱ्या रांगेतून बायको. ‘‘स्वतःबद्दलचं म्हणून गाळू नका!’’

‘‘म्हणतात... माफ केलं.’’ त्याने नाक ओढलं. ‘‘आणि म्हणतात, आज प्रार्थना मी करायची.’’

त्याने डोळे मिटले. या वेळी जबडे आले नाहीत. मग तो सुरू झाला. आधी पाळकांसाठी, मग लिलाववाल्यासाठी, मग गावातल्या एकूणएक हिरड्यांसाठी. तीन आठवड्यांचं तुंबलेलं होतं. उभे होते ते बसले, बसले होते ते टेकले. पाऊण तासाने पाळक त्याच्या खांद्यावर थोपटून काहीतरी सांगू लागले, मग जोरात सांगू लागले, दोन्ही हात हलवून सांगू लागले. मंडळी नुसती बघत राहिली. पाळक काय म्हणताहेत ते सांगू शकणारा एकमेव माणूस प्रार्थनेत होता.