महाराजांचा उजवा पाय

कर्जतच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा रविवारी सायकल काढून मी खालापूरच्या पुढचा बंगला बघायला जायचो. एका संस्थानिकांनी तो शिकारीसाठी बांधला होता. राखणदार दारातच माझ्या पायांकडे बघून म्हणायचा, "जोडं भायेर, मास्तर." मग आत नेऊन वाघाचं कातडं दाखवायचा, महाराजांची आरामखुर्ची दाखवायचा. निघताना मात्र त्या रिकाम्या खुर्चीला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर यायचा. उंबऱ्याला कधी ठेचकाळला नाही.

"महाराज दिसायला कसे आहेत?" मी एकदा विचारलं.

"उजवा पाय जरा फेंगडा टाकतात."

वीस वर्षांच्या चाकरीत त्याने मान वर केलीच नव्हती.

संस्थानं विलीन झाली त्या वर्षी मी तिथं असताना साध्या सदऱ्यातले एक गृहस्थ एकटेच आले. "जोडं भायेर," हा खाली बघतच म्हणाला. गृहस्थांनी निमूटपणे वहाणा काढल्या आणि पाऊल आत टाकलं. उजवा पाय फेंगडा पडला. याचे हात जुळले आणि मान आणखी खाली गेली.

महाराज खुर्चीत थोडा वेळ बसले, मग उठून गेले. गाडीचा आवाज लांब गेल्यावर तो हळूच माझ्याजवळ आला.

"मास्तर, तुमी तर नीट बघितलंत. कसं हायेत वो दिसायला?"

"आपल्यासारखेच. टक्कल पडलंय, थकलेत."

त्याने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आसंल," तो म्हणाला. मग खुर्ची पुसली आणि उलट्या पावलांनी बाहेर आला.